नळाला हात लावला की मुंग्या येतात; गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या विश्रामबागेत फ्लॅट, नळाला सोसायटीच्या बोअरचं पाणी, १५ लिटरचा गीझर पाच वर्षं जुना. हल्ली तो आवाज करतो, एक बादली भरली की पुढचं पाणी कोमट येतं, खालून थेंब पडतात, आणि "परवा नळाला हात लावला तर किंचित मुंग्या आल्यासारखं वाटलं". दुरुस्ती करावी की नवा आणावा?

मुंग्यांचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय. बावीस वर्षं सांगली-मिरजेत मोटारी आणि गीझर खोलतोय, पण हे आधी सांगणारं गिऱ्हाईक अजून भेटायचंय. बोलावतात ते पाणी तापत नाही म्हणून. काम उरकून पाने पिशवीत टाकले की मावशी दारात म्हणतात, "आणि हां दादा, नळाला जरा मुंग्या येत्यात बगा. पण रोज न्हाई." की पिशवी परत खाली.

म्हणून आधी उठा आणि गीझरचा प्लग काढून ठेवा. प्लग नसून थेट जोडणी असेल तर ती जोडणी वायरमनकडून सोडवून घ्या, तोवर मेन पाडूनच अंघोळ करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. साधं बटण एकच वायर तोडतं. वायरिंग करणाऱ्याने फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची) उलटे जोडले असतील तर बटण बंद असूनही कॉइलपर्यंत फेज पोचलेली असते. असली जोडणी मी गावभागातल्या जुन्या वाड्यांत बघितलीय आणि वास्तुशांत होऊन महिना न झालेल्या फ्लॅटमध्येही.

मुंग्या येतात तेव्हा बहुतेक वेळा बिघाड एक नसतो, दोन असतात. पहिला कॉइलचा. कॉइल म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली तार, आणि दोघींच्या मध्ये वीज अडवणारी पांढरी पावडर ठासून भरलेली. नळीला बारीक चीर पडली की पावडर ओली होते आणि करंट पाण्यात, टाकीच्या पत्र्यात झिरपायला लागतो. पण अर्थिंग नीट असेल तर तो करंट तुमच्यापर्यंत येतच नाही, सरळ जमिनीत जातो, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की आपोआप वीज तोडणारं बटण, असेल तर ती पडते. तुम्हाला मुंग्या आल्या याचा अर्थ अर्थिंगही गेलंय. कुठे वायर निघालेली असते, कुठे प्लगची तिसरी पिन नुसती शोभेला असते, कुठे खड्डाच कोरडा पडलेला असतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला लागतं, आणि ते काम सोसायटीत कुणाचंच नसतं.

नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. पाण्यातून करंट येतो, आणि बोअरच्या खारट पाण्यातून तर सहज येतो.

नुसती कॉइल बदलून जाणारा मेकॅनिक अर्धंच काम करून जातो. मुंग्या थांबतात, पैसे दिले जातात, आणि पुढची कॉइल चिरेपर्यंत सगळं छान चालतं. तुमच्याकडे येईल त्याला अर्थिंग तपासायला लावा, मगच गीझर खोलू द्या. प्लग काढूनही नळाला मुंग्या येत असतील तर दोषी गीझर नाहीच. वॉशिंग मशीन, वरच्या टाकीची मोटार, कधी शेजारचा फ्लॅट असं शोधत जावं लागतं. पण ही खात्री ओल्या हाताने स्वतः करत बसू नका.

आता बाकीच्या तक्रारी. त्यातली कोमट पाण्याची तक्रार घड्याळ लावून तपासता येते, फक्त वरचं काम झाल्यावर.

१५ लिटरची टाकी आणि २००० वॅटची कॉइल असेल तर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला हिशेबाने २१ मिनिटं लागतात. थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून पंचवीस धरा. टाकीतलं गरम पाणी पूर्ण सोडून द्या, गार पाणी भरू द्या, गीझर लावा आणि दिवा कधी विझतो ते बघा. सहा-सात मिनिटांत विझला आणि पाणी कोमटच असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग, लवकर तोडतोय. पाऊण तास झाला तरी विझत नसेल आणि नळातून वाफ फुसफुसत असेल तर थर्मोस्टॅट चिकटलाय. लगेच बंद करा, गरम नळ थोडा वेळ उघडा ठेवा आणि हात लांब ठेवा. दिवा वेळेवर विझतो, पहिला तांब्या कढत येतो आणि मग एकदम कोमट होतं, तर टाकीतल्या उभ्या नळीकडे बघायला हवं. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागात असतं आणि ही नळी ते वरून उचलते. ती सडली किंवा तुटली की खालचं गार पाणी मिसळून येतं. तुमच्या वर्णनावरून मला याचा किंवा थर्मोस्टॅटचा संशय आहे. पण त्याआधी मिक्सरचा नळ गरमकडे पूर्ण फिरवून बघा. निम्म्या वेळा गीझर निर्दोष असतो आणि मिक्सरच गार पाणी आत सोडत असतो.

वेळ जास्त लागतो म्हणून लगेच गीझरला शिव्या देऊ नका. सकाळी व्होल्टेज २३० ऐवजी २०० असेल तर कॉइलची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होते. तासगावकडच्या वाड्या-वस्त्यांवर हे मी मीटर लावून दाखवलंय, तरी घरमालक म्हणतो कॉइलच बदला.

कॉइलवर क्षार चढले की पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं, असं जो तो सांगतो. मला ते तितकंसं पटत नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिने ओढलेली वीज शेवटी पाण्यातच जाते, थर असो नसो. नुकसान वेगळं होतं. थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते आणि एक दिवस चिरते. म्हणजे तुमचा 'आवाज' आणि तुमच्या 'मुंग्या' ही एकाच गोष्टीची सुरुवात आणि शेवट असू शकते. थरात अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तोच तो कुडकुड आवाज. पाणी किती जड आहे हे बघायला प्रयोगशाळा नको. चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर धरत असेल तर गीझरमध्ये त्याहून जास्त धरलाय. मिरजेतल्या एका बोअरवरच्या गीझरमधून मी चुन्याच्या खपल्या काढल्या, दोन घमेली भरली. कॉइल शाबूत असेल तर ती काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली की थर सुटतो. बाथरूम धुवायचं ॲसिड टाकीत ओतायचं नाही. टाकीच्या आतला मुलामा जातो आणि मग कोण काय करणार.

थेंब कुठून पडतात ते मात्र नीट बघा, कारण दुरुस्ती की नवा हे त्यावरच ठरतं. सेफ्टी वॉल्व्हच्या तोंडातून, गीझर चालू असतानाच पडत असतील तर तो बिघाड नाही. १५ लिटर पाणी तापून साधारण पाव लिटर फुगतं, त्याला जायला वाट हवी. एका काकांनी त्या थेंबांना वैतागून वॉल्व्हच्या तोंडात काडी ठोकून वर एमसील लावलं होतं आणि मला अभिमानाने दाखवलं. थर्मोस्टॅट ज्या दिवशी चिकटला असता त्या दिवशी ती टाकी बॉम्ब झाली असती. मी काही न बोलता आधी वॉल्व्ह बदलला, मग बोललो. खालच्या नट-बोल्टांच्या तबकडीजवळून ओल असेल तर गॅस्केट, म्हणजे तिथली रबरी चकती, गेलंय, स्वस्तात होतं. पण बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून, गीझर बंद असतानाही पाणी ठिबकत असेल तर आतली टाकी फुटली. तिला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

टाकी फुटायच्या आधी एक खूण देते: फक्त गरम नळाला तांबूस पाणी. गार नळालाही तसंच येत असेल तर दोष जुन्या लोखंडी पाइपांचा. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, ॲनोड म्हणतात. गंज टाकीऐवजी त्याला खातो. तो संपला की गंज टाकीकडे वळतो. पाच वर्षांत तुमचा रॉड एकदाही बदलला नसेल तर आत बहुधा नुसती तार उरली असेल. बोअरच्या पाण्यावर तो दर वर्षी काढून बघावा. गिऱ्हाईक याबद्दल कधी विचारत नाही आणि मेकॅनिकही स्वतःहून सांगत नाहीत, कारण नवा गीझर विकण्यात जास्त सुटतं. आमच्याच धंद्याची गोष्ट आहे, पण आहे ती आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेला गीझर वाळवून कुणी 'चालू कंडिशन' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आणि विजेच्या कटकटीला कंटाळून बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावायचा विचार असेल तर नको. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, मुंग्याही येत नाहीत. त्यापेक्षा आजीचा तांब्याचा बंब बरा, अंगणात तरी पेटायचा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर टाकी फुटलेली नसेल तर दुरुस्तीच करा: अर्थिंग, नवी कॉइल, गॅस्केट, रॉड, आणि खोललाच आहे तर थर्मोस्टॅट नि उभी नळी बघून घ्या. जुन्या कॉइलचं माप मीटरवर घ्यायला लावा. २००० वॅटची असेल तर साधारण २६ ओहम दाखवायला हवी. पण ते बरोबर आलं म्हणून ती चांगली समजू नका, कॉइल आणि पत्रा यांच्यातली गळती मेगर (गळती मोजायचं मीटर) लावून वेगळी बघावी लागते. टाकी फुटली असेल तर नवा घ्या आणि जुन्याचा पितळी-तांब्याचा ऐवज भंगारवाल्याशी घासाघीस करून द्या. रॉड काढला की किती उरलाय ते इथे कळवा.