7 जूनचा कोरा फळा

गुरुजींना विचारा

प्रश्न: गुरुजी, नमस्कार. मी सहावीत शिकते. आमच्या परिपाठात रोज दिनविशेष वाचतात. माझा वाढदिवस 7 जूनला असतो, पण त्या दिवसाचा दिनविशेष मी कधीच ऐकला नाही. दादा चिडवतो, की तुझ्या तारखेला इतिहासात काही घडलंच नाही. खरं आहे का?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर: दादाला सांग, गुरुजी म्हणाले आधी शाळेचं कॅलेंडर बघ. आपली शाळा उघडते जूनच्या मध्यावर. 7 जूनला दाराला कुलूप असतं आणि फळा कोरा. कुंडलजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी 31 वर्षं रोज सकाळी फळ्यावर सुविचार, दिनविशेष आणि पट लिहिला. तुझं पत्र आल्यावर आठवून पाहिलं, तर 7 जून ही तारीख मी एकदाही लिहिलेली नाही. आणि गंमत अशी, की आपल्या भागाला सगळ्यात जवळची गोष्ट नेमकी त्याच तारखेची आहे.

किर्लोस्करवाडीला कराडकडे जाणाऱ्या गाडीत बस. ताकारी, भवानीनगर आणि मग शेणोली. साल होतं 1943. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, यातला बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यात होता आणि गावोगाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी उभं केलेलं सरकार, चाललं होतं. प्रतिसरकारची एक फौज होती, तिचं नाव तुफान सेना. 7 जून 1943 ला तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली. पुढारी होते कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड. गाडीत सरकारी नोकरांच्या पगाराचे पैसे होते. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि ती उलटी पळू नये म्हणून मागेही दगड रचले. हातात काय, तर कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब.

हे वर्गात सांगितलं की एक तरी हात वर व्हायचाच, ‘गुरुजी, लुटणं वाईट ना?’ कॅप्टन भाऊंनी नव्वदी ओलांडल्यावरही याचं उत्तर दिलं होतं. आम्ही गाडी लुटली असं म्हणू नका, इंग्रजांनी आपल्या लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते सांगत. तुला पटतं का ते बघ. दादालाही विचार.

आता बरोबर 50 वर्षं मागे जा. 7 जून 1893. पुन्हा आगगाडीच, पण दक्षिण आफ्रिकेतली. 23 वर्षांचे एक वकील डर्बनहून प्रिटोरियाला निघाले होते. खिशात पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनात एका गोऱ्या प्रवाशाने तक्रार केली आणि अधिकाऱ्यांनी यांना मालडब्याकडे जायला सांगितलं. हे हलेनात, तेव्हा शिपाई बोलावून त्यांना खाली ढकललं. मोहनदास गांधी त्यांचं नाव. आपल्याकडे जून म्हणजे पावसाची वाट बघायची, पण विषुववृत्ताच्या खाली तेव्हा हिवाळा असतो. वेटिंग रूममध्ये ते रात्रभर कुडकुडत बसले. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात, आणि मागायला गेलं तर पुन्हा अपमान होईल म्हणून मागितला नाही. ओव्हरकोटाची ही गोष्ट मी पोरांना कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही.

एक तारीख, दोन गाड्या, मधे 50 वर्षं. शेणोलीला गाडी अडवली त्या दिवशी गांधीजी कुठे होते? पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, इंग्रजांच्या कैदेत. ज्या पुण्याची गाडी, त्याच पुण्यात. कोयते-काठ्यांचा हा मार्ग त्यांना रुचला असता का? यावर मोठी माणसं अजून वाद घालतात.

तू विचारशील, शेणोलीच्या लोकांनी ही तारीख मुद्दाम निवडली का? मला तसं वाटत नाही. पगार महिन्याच्या सुरुवातीला होतात, म्हणजे पगाराचा पैसा रुळांवर असणार तोही तेव्हाच. माझ्या मते तारीख ठरवली ती पगाराने. बाकी तारखा जुळतात त्या जुळतात. वर्गात नुसती 23 मुलं असली, तरी त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. इतिहासाच्या वर्गाचा पट तर केवढा मोठा! वर्षाचे दिवस मात्र 365, लीप वर्षात 366. गर्दी होणारच.

तुझ्या तारखेवर क्रिकेटही आहे. 7 जून 1975 ला क्रिकेटचा पहिला विश्वचषक सुरू झाला. त्या दिवशी लॉर्ड्सवर भारतासमोर इंग्लंड होतं. सामना 60 षटकांचा. इंग्लंडने 4 बाद 334 केल्या. आपले सुनील गावसकर सलामीला आले आणि शेवटपर्यंत टिकले. नाबाद 36, चेंडू 174! भारताच्या 3 बाद 132 झाल्या आणि सामना 202 धावांनी गेला. तुम्हा आयपीएलवाल्यांना हे आकडे उलटे छापलेत असं वाटेल, पण बरोबर आहेत. आणि वाढदिवसाचा जोडीदार हवा असेल तर टेनिसपटू महेश भूपती, जन्म 7 जून 1974.

प्रश्न: शिवराज्याभिषेक 6 जूनला झाला. मग तिथीने वेगळ्या दिवशी पुन्हा का साजरा करतात? खरी तारीख कोणती?
— एक वाचक, वाई

उत्तर: दोन्ही खऱ्या. रायगडावर त्या दिवशी कुणाला विचारलं असतंस, तर उत्तर आलं असतं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. तिथी चंद्रावर चालते, म्हणून इंग्रजी कॅलेंडरात ती दरवर्षी पुढे-मागे सरकते. ‘6 जून 1674’ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडराची. त्यांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडेन सोहळ्याला हजर होता.

खरी मेख पुढे आहे. ते कॅलेंडर आपलं आजचं नव्हे. जुन्या पद्धतीत वर्ष किंचित मोठं धरलं होतं आणि शतकांत त्या फरकाचे दिवस साठले. म्हणून 1582 मध्ये पोप ग्रेगरी यांनी 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर आणला. इंग्रजांनी ते ऐकलं 1752 साली, तेव्हा त्यांच्याकडे 2 सप्टेंबरनंतर 14 सप्टेंबर उजाडला. मधल्या तारखांना कुणाचेच वाढदिवस झाले नाहीत! आजच्या हिशेबाने राज्याभिषेक येतो 16 जून 1674 ला.

आता पलूसच्या मुलीने कान टवकारावेत. 7 जूनच्या यादीत 1494 चा तोर्देसियासचा करार हटकून असतो. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिक समुद्रात, केप व्हर्ड बेटांच्या पश्चिमेला 370 लीगांवर (लीग हे तेव्हाचं अंतराचं माप), उभी रेघ मारली. पलीकडचं स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. दोन भावांनी बांध घालून रान वाटून घ्यावं तसं. फक्त रान तिसऱ्याचंच होतं, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. ब्राझीलमध्ये आज पोर्तुगीज बोलतात त्याचं एक कारण ही रेघ. पण ही तारीखही जुन्या कॅलेंडराची. तेव्हा फरक 9 दिवसांचा होता, म्हणजे आजच्या हिशेबाने 16 जून. एकाच मापाने मोजलं तर हा करार 7 जूनच्या यादीतून उठतो आणि थेट राज्याभिषेकाच्या शेजारी जाऊन बसतो.

प्रश्न: आजोबा म्हणतात 7 जून म्हणजे मृग. पावसाला तारीख कशी कळते?
— एक वाचक, मिरज

उत्तर: पावसाला कळत नाही, सूर्याची मात्र ठरलेली असते. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो आणि मृगात शिरतो 7 किंवा 8 जूनला. पंचांगात नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, हत्ती असं. वाहन कोणतंही असो, आटपाडी-जतकडे पाऊस यायचा तेव्हाच येतो. हीसुद्धा तारीख कायमची नाही बरं. सुमारे 72 वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते.

जाता जाता माझंही सांगतो. माझी कागदावरची जन्मतारीख 1 जून आहे. माझ्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे, कारण नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून टाकून मोकळे व्हायचे. आई म्हणायची, तू झालास तेव्हा मृगाची पेरणी उरकून तुझा बाप नुकताच घरी आला होता. म्हणजे 1 जून तर नक्कीच नाही. तेव्हा पलूसच्या पोरी, यंदा केक कापशील तेव्हा एक तुकडा माझ्या नावाने बाजूला काढून ठेव. दादाने खाल्ला तरी चालेल.