कॅमेऱ्याची वॉरंटी नंतर, आधी कार्डाची बाकी

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३४, लग्नाचे व्हिडिओ करतात, घरी पत्नी आणि लहान मुलगी. इथे २.१० लाखांना मिळणारा कॅमेरा हाँगकाँगच्या एका संकेतस्थळावर १.६० लाखांना आहे. १४ हजार जादा दिले की तीन वर्षांची ‘जागतिक वॉरंटी’. विक्रेता म्हणतो, पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवू, कर लागणार नाही. प्रश्न एवढाच: वॉरंटी घ्यावी का?

शेवटी मात्र त्यांनी लिहिले आहे: “पैसे क्रेडिट कार्डाने भरीन. कार्डावर आधीचे १.२० लाख आहेत, पण दोन वर्षांत मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) एकदाही चुकवला नाही. त्याच बँकेतून घेतलेली पॉलिसी २०३५ ला पिकेल, तेव्हा सगळे एकदम फेडून टाकीन. वर्षाला ६० हजार भरतो, पाच हप्ते झाले.”

वॉरंटी घेऊ नका. कॅमेराही तिथून घेऊ नका.

बहुतेक कॅमेरा कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, आणि ही ‘जागतिक’ वॉरंटी कंपनीची नसून त्या विक्रेत्याची आहे. कॅमेरा बिघडला तर स्वखर्चाने हाँगकाँगला पाठवायचा आणि परत येताना कस्टम्सला पुन्हा उत्तरे द्यायची. शिवाय बुरशी, ओल, आपटणे हे सहसा कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. आपल्या पावसात कॅमेरे जातात ते नेमके त्यानेच. त्या १४ हजारांत ड्राय कॅबिनेट (ओल लागू न देणारे कपाट) आणि उपकरणांचा विमा बघा.

५० हजारांची बचतही खरी नाही. परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, म्हणजे मार्कअप, साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी धरून साडेसहा हजार. आयातीवरचा जीएसटी (आयजीएसटी) कमीत कमी १८ टक्के, म्हणजे २९ हजार. वॉरंटीचे १४ हजार. बेरीज २.१० लाखांच्या जवळ जाते आणि कुरिअरवाल्याचे शुल्क अजून बाहेरच आहे. भेट म्हणून करमुक्त मागवायची सोय डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. खोटी किंमत लिहून माल आला तर कस्टम्स आयातदाराला पकडते, आणि आयातदार तुम्ही असता. उद्या पैसे परत मागताना तेच खोटे बिल तुमच्या आड येईल.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे तुम्हाला पर्वरीला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही ग्राहकच धरला जातो. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतीयांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. पण ज्याचे इथे ना ऑफिस ना गोदाम, त्याच्याकडून आदेशाप्रमाणे वसुली कशी होणार? अशा खरेदीत हातात राहते ते कार्डावरचे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागणे, आणि तेही वेळेत लेखी मागितले तर.

आता तुम्ही न विचारलेले, पण मला जास्त काळजी वाटते ते.

मिनिमम ड्यू भरणे म्हणजे कर्ज फेडणे नव्हे. बहुतेक कार्डांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. तुमच्या स्टेटमेंटवर छापलेला आहे, आजच बघा. १.२० लाखांवर महिना ४,२०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पाच हजार. तुम्ही सहा हजार भरत असाल तर मुद्दल जेमतेम हजाराने हलते. दोन वर्षांत लाखाच्या पुढे नुसते व्याज गेले आहे. शिवाय बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. कॅमेरा, मार्कअप, वॉरंटी धरून बाकी तीन लाखांवर गेली की व्याज आणि कर महिन्याला साडेबारा हजार. चार महिन्यांत ५० हजार संपले.

पॉलिसीबद्दल मला राग येतो तो तुमच्यावर नाही. असल्या पारंपरिक पॉलिसीतून हाती वर्षाला साधारण पाच-सहा टक्के पडतात. ज्या बँकेने ती तुम्हाला ‘बचत’ म्हणून विकली, तीच तुमच्याकडून कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांवर घेते आहे, आणि काउंटरवरच्या कुणालाही हे दोन आकडे तुमच्यासमोर शेजारी ठेवावेसे वाटले नाहीत. २०३५ ची वाट बघितलीत आणि बाकी अशीच राहिली तर तोवर व्याजच पाच-सहा लाख होईल. ‘एकदम फेडीन’ ही योजना नाही, आशा आहे.

पण ती पॉलिसी आज उपयोगी पडेल. तीन लाख भरले आहेत. पाच हप्त्यांनंतर सरेंडर किंमत (पॉलिसी आज मोडली तर मिळणारी रक्कम) साधारण दीड लाख असावी, आणि तिच्या ८०-९० टक्के कर्ज मिळते. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवा. दहा टक्क्यांच्या आसपासचे हे कर्ज काढून कार्ड पूर्ण शून्यावर आणा. वर्षाचे ६० हजार व्याज १२ हजारांवर येईल. आज कार्डाला जाणारे सहा हजार दर महिन्याला या कर्जात भरा, दोन वर्षांच्या आत सुटाल. पॉलिसी पुढे ठेवायची की पेड-अप करायची (पुढचे हप्ते बंद, विमा कमी रकमेवर चालू) ते तेव्हा ठरवू. मुलगी लहान आहे, टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा) घेणे मात्र तोवर लांबवू नका.

तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाला कॅमेरा भाड्याने घ्या आणि भाडे गिऱ्हाइकाच्या दरात धरा. पुढे विकत घेताना इथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. जीएसटी नोंदणी असेल तर २.१० लाखांतले ३२ हजार क्रेडिट म्हणून परत मिळतील.

कर्जाचा अर्ज कार्डाच्या पुढच्या बिलाआधी द्या, आणि बाकी शून्य झाल्याचे स्टेटमेंट हातात येईपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नका.