मुलाला फिरती सॉ मिल घ्यायची आहे. जमीन तारण ठेवू का?

कुडाळ तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगा २१ वर्षांचा, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला. ट्रेलरवर ओढून नेता येणारी बँडसॉ मिल (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याने, म्हणजे ब्लेडने, लाकूड चिरणारी) घ्यायची आणि लोकांच्या बागेत जाऊन आंबा, फणस, अकेशियाचे ओंडके जागेवरच चिरून द्यायचे, हे त्याच्या मनात आहे. परदेशातले व्हिडिओ बघून त्याने सगळा अभ्यास केलाय. दहा लाखांचं कोटेशन आलंय आणि त्यासाठी जमीन तारण ठेवायला सांगतोय. पत्रात तीन प्रश्न आहेत: यात पैसा आहे का, यासाठी शिकायचं काय, आणि एक जुनं मशीन स्वस्तात मिळतंय ते घ्यावं का?

नमस्कार.

मुलाचं खूळ नाही हे. मशीन खरंच कामाचं आहे आणि मेकॅनिकच्या हाताला शोभणारं आहे. पण तो बघतो ते व्हिडिओ अमेरिका-ऑस्ट्रेलियातले. तिथला शेतकरी मशीन गाडीमागे जोडून शेजाऱ्याच्या अंगणात नेतो आणि ओंडका चिरायला लागतो. आपल्याकडे तसं करता येत नाही. म्हणून कोटेशन सध्या कपाटात ठेवा आणि आधी वनविभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊन या.

यंत्राच्या जोरावर लाकूड चिरायचं तर आपल्याकडे सॉ मिलचा परवाना लागतो आणि तो जागेशी बांधलेला असतो. चाकं लावली म्हणून मिल कायद्यातून सुटत नाही. जंगलं वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली नव्या सॉ मिलवर लगाम घातला. त्यानंतर २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समितीकडे दिलं. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते बघून ही समिती नव्या परवान्यांचा विचार करते. त्याच सूचनांनुसार अधिसूचित वनाच्या किंवा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नवी मिल नको. औद्योगिक वसाहती आणि नगरपालिका हद्दीला यात सवलत आहे. सिंधुदुर्गाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जागा किती उरते ते कळेल. उरलीच तर एमआयडीसीत किंवा नगरपालिका हद्दीत. मुलाला म्हणावं, विचारताना प्रश्न नेमका विचार: 'अमुक गट नंबरमध्ये, अमुक अश्वशक्तीची आडवी बँडसॉ, अमुक जातींच्या लाकडासाठी.' आणि उत्तर लेखी घे.

दुसरी गोष्ट झाडाची. महाराष्ट्रात १९६४चा झाडतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर अशी झाडं येतात, म्हणजे तुमच्या परड्यातली बहुतेक मोठी झाडं. झाड मालकाच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी आहे. 'झाड वादळात पडलंय, परवानगी कशाला' असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज भेटेल. कागद नसलेला ओंडका मशीनवर चढला की माल आणि मशीन दोन्ही जप्त होऊ शकतात. तेव्हा कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशेब वहीत मांडा.

मशीन, ट्रेलर, दोन डझन ब्लेड, धार लावायचं आणि दात वळवायचं यंत्र मिळून दहा लाख. ते सात वर्षांत वसूल करायचे. पावसाचे चार महिने, लग्नसराई, बंद पडलेलं मशीन, न मिळालेला पास असं सगळं वजा करून कटाईचे दिवस वर्षाला १५० धरा. म्हणजे दिवसाला मशीनचे ९५० आणि व्याजाचे साधारण ३३० रुपये. पेट्रोल १५ लिटर, १,६०० रुपये. दिवसाला तीन ब्लेड बदलावी लागतात. एक ब्लेड सहा वेळा धार लावून वापरलं, तर धारेच्या खर्चासकट दर वापराला ४०० रुपये, म्हणजे १,२००. दोन मजूर १,४००, गाडी ८००, दुरुस्ती ५००, आणि मुलाची स्वतःची मजुरी १,०००. ही शेवटची रक्कम सगळे विसरतात. बेरीज ७,७८०.

चिराईचा दर घनफुटाला १०० रुपये मिळाला, तर रोज ७८ घनफूट चिरल्यावर फक्त बरोबरी होते. हाताने ओंडके फिरवायच्या छोट्या मशीनवर तीन माणसं आपल्याकडचं कठीण लाकूड दिवसाला ६० ते ८० घनफूट चिरतात. ६० झालं तर त्या दिवशी १,७८० रुपये खिशातून गेले. नुसत्या चिराईच्या मजुरीवर हा धंदा उभा राहात नाही, ते इथेच दिसतं. दिवसाच्या आठ तासांत पट्टा प्रत्यक्ष लाकडात चार तासच असतो. बाकीचा वेळ ओंडका ओढणं, फिरवणं, फळ्या उचलणं आणि भुसा काढणं यात जातो. म्हणून नवशिका मोठ्या इंजिनावर पैसे घालतो, तर जाणता ओंडका उचलायच्या विंचवर. आणि लहान ओंडका कधीही परवडत नाही: फिरवायचे कष्ट तेवढेच, माल निम्मा.

मोजमापावरून भांडणं होतात, म्हणून मुलाला हे पक्कं हवं. वखारीत गोल लाकूड गोलाईच्या चौथ्या भागाने मोजतात. गोलाई ४८ इंच आणि लांबी १० फूट असली, तर चौथा भाग १२ इंच म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, झाले १० घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असतं. फरक साल आणि कडा यांची सूट म्हणून सोडलेला असतो. चिराईचा दर गोल मापावर की चिरलेल्या मापावर, हे काम सुरू करण्याआधी ठरवून लिहून घ्यायचं.

या मशीनचं खरं बळ पातळ पट्ट्यात आहे. पट्टा ३२ ते ३५ मिलिमीटर रुंद आणि साधारण १ मिलिमीटर जाड असतो. कापाची रुंदी दोन मिलिमीटरच्या थोडी वर जाते. गोल करवतीचा काप पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. बारा इंची चौकोनी ओंडक्यातून एक इंची फळ्या काढल्या, तर गोल करवतीवर दहा निघतात आणि पातळ पट्ट्यावर अकरा. साग-फणसासारख्या लाकडात ती अकरावी फळीच नफा असते. पण ती मिळते लाकडाच्या मालकाला, चिरणाऱ्याला नाही. म्हणून माल स्वतःचा असला पाहिजे, किंवा मजुरीऐवजी फळ्यांत वाटा ठरवला पाहिजे.

पातळ पट्टा तितकाच नाजूक. बहुतेक धंदे बुडतात ते पट्ट्याची निगा न जमल्यामुळे. फळी लाटेसारखी वरखाली निघाली की नवशिके मशीनला दोष देतात. कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: धार गेलेली, दातांचा वळ (दात डावी-उजवीकडे वळवलेले असतात तो) कमी झालेला, किंवा ताण उतरलेला. काम सुरू झाल्यावर पट्टा तापून लांबतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी ताण पुन्हा बघावा लागतो. दिवस संपला की तो सैल करून ठेवायचा. फळी सतत एकाच बाजूला खाली किंवा वर पळत असेल, तर डाव्या-उजव्या दातांचा वळ सारखा नाही. वळ दर बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मोजायला डायल लागतो. डोळ्यांनी जमत नाही. गाइड रोलरने (पट्ट्याला सरळ धरणाऱ्या चाकाने) पट्टा सुमारे ६ मिलिमीटर खाली दाबलेला हवा आणि रोलरची कड पट्ट्याच्या पाठीपासून ३ मिलिमीटर मागे. कड पाठीला घासत राहिली की पट्ट्याला बारीक चिरा पडतात आणि तो तुटतो. चाकावरचा रबरी पट्टा झिजून ब्लेड लोखंडावर बसलं तरी तेच होतं. एक ब्लेड दीड-दोन तासांवर चालवायचं नाही, कापत असलं तरी उतरवायचं. बोथट होईपर्यंत ताणलेलं ब्लेड धार लावल्यावरही लवकर तुटतं.

फणसाचा चीक पट्ट्याला चिकटतो, त्यासाठी पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडची संततधार सोडावी लागते. साग आणि नारळ दात लवकर खातात. बांधावरच्या झाडात खिळे, काटेरी तार, कधी जुना अडकवलेला आकडा निघतो. हातातला मेटल डिटेक्टर घ्या आणि 'लोखंड लागलं तर ब्लेडचे पैसे मालकाचे' हे पावतीवर छापा.

अकेशियाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्याकडे तेच जास्त आहे. त्याच्या आत ताण साठलेला असतो. एकाच बाजूने फळ्या काढत गेलात, तर उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो आणि पुढच्या फळ्या मध्ये जाड, टोकाला पातळ निघतात. एका बाजूच्या दोन फळ्या झाल्या की ओंडका उलटा करून समोरच्या बाजूच्या दोन, असं करत मध्यावर यायचं. आंब्याचं लाकूड तोडल्यावर पंधरा दिवसांत चिरलं नाही तर निळं पडतं आणि किडा धरतं. चिरल्याबरोबर बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून, फळ्यांमध्ये एक इंची लाकडी पट्ट्या ठेवून, सावलीत वारं खेळेल अशी थप्पी लावायची. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळी त्या जागी वाकते.

मग मुलाने काय करावं? माझा सल्ला उलट्या क्रमाने जायचा आहे. पहिली पायरी: कुडाळ-कणकवली भागातल्या एखाद्या परवानाधारक सॉ मिलमध्ये सहा महिने ते वर्षभर नोकरी, पगार कमी मिळाला तरी. तिथे त्याने ओंडके ओढण्यापेक्षा धार लावणाऱ्या माणसाच्या हाताखाली बसावं. मोठ्या गिरण्यांत या माणसाला सॉ डॉक्टर म्हणतात आणि चांगला मिळत नाही. दुसरी पायरी: धार आणि वळ लावायची यंत्रं घेऊन आसपासच्या मिल आणि सुतारांची ब्लेडं करून द्यायची. यात लाकूड चिरलं जात नाही, त्यामुळे सॉ मिलच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. भांडवल दहा लाखांच्या पाव हिश्शाहून कमी, आणि डिझेल मेकॅनिकचा हात इथे पहिल्या दिवसापासून कामी येतो. तिसरी: परवानाधारकाशी भागीदारी करून त्याच्याच आवारात आडवी बँडसॉ बसवणं. परवान्यावर यंत्रांची नोंद असते, म्हणून वाढीव यंत्रालाही वनविभागाची मंजुरी लागते. ती हातात पडली की मशीनची ऑर्डर द्या. मिल फिरती असायची गरजच काय, हा प्रश्न मग मुलालाच पडेल.

शिक्षणाचं विचाराल तर लाकूड वाळवणं आणि टिकवणं यावरचे छोटे अभ्यासक्रम बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत होतात. दहा लाखांच्या मशीनआधी त्याला तिथे पाठवा. बारावी सायन्स झाली असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे, पण मुलाचा ओढा बघता तो चार वर्षं वर्गात बसेल असं पत्रावरून वाटत नाही. कर्जाबाबत जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची) चौकशी करा, आणि ज्या कामासाठी अर्ज करणार ते योजनेत बसतं का हे आधी विचारा. जमीन तारण ठेवू नका. पावसाळ्यात चार महिने मिळकत नसलेल्या धंद्याला बारमाही हप्ता झेपत नाही.

जुन्या मशीनबद्दल. परवान्याचा निर्णय होईपर्यंत विसारसुद्धा देऊ नका. पुढे बघायला गेलात तर रंग बघू नका. रुळांवर दोन्ही टोकांना दोरी ताणून पीळ आहे का ते बघा. पिळलेली चौकट सरळ करणं महाग पडतं. चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, चाकावरचे रबरी पट्टे काढून खालची कड झिजली आहे का बघा. मग नवं ब्लेड चढवून दहा फुटी ओंडक्यातून एक इंची फळी काढायला सांगा आणि दोन्ही टोकं आणि मध्य, दोन्ही कडांना, अशी सहा ठिकाणी कॅलिपरने जाडी मोजा. फरक एक मिलिमीटरच्या आत असेल तरच भावाचं बोला. विकणाऱ्याकडे मूळ बिल आणि तो कोणत्या परवान्यावर हे मशीन चालवत होता त्याची प्रत मागा. प्रत नाही म्हणाला, तर तो ते स्वस्तात का देतोय याचं उत्तर मिळालं.