२६,०००चा पगार, ५,०००चा हप्ता आणि कॅमेऱ्याची हौस

प्रश्न : वय २७. चिपळूणला खासगी कंपनीत आहे, हातात २६,००० येतात. खोली आणि मेस ८,५००, घरी ६,०००, बाइकचा हप्ता ३,१०० (अजून नऊ महिने), पेट्रोल-फोन-किरकोळ २,४००. बँकेत ४०,०००ची एफडी आहे. फोटोग्राफी शिकायची फार इच्छा आहे. ६०,०००चा मिररलेस कॅमेरा १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. ईएमआयवर घेऊ की एफडी मोडू? मित्र म्हणतो, प्री-वेडिंगच्या ऑर्डरींतून पैसे वसूल होतील. ७,०००चा ऑनलाइन कोर्सही कर म्हणतो.

उत्तर : कॅमेरा जरूर घ्या. पण हा नको, आणि लगेच नको.

तुमचा खर्च २०,०००, उरतात ६,०००. त्यातले ५,००० हप्त्याला गेले की वर्षभर महिन्याला १,००० रुपयांवर भागवायचं. दाढ दुखली, बाइकचा टायर गेला, गणपतीला घरी चार जास्तीचे पैसे लागले, की क्रेडिट कार्ड निघणार. आणि त्याच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. एफडी म्हणाल, तर ४०,००० म्हणजे तुमचा जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. खासगी नोकरीत ती वाढवायची असते, हौसेसाठी मोडायची नसते.

आता ते ‘नो-कॉस्ट’. बँक व्याज सोडत नाही. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून वजा करते, इतकंच. व्याजदर १६ टक्के धरला तर तुमच्या व्यवहारात व्याज होतं साधारण ४,९००. ते सवलतीत वळतं होतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८८० रुपये, तुमच्या माथी, आणि वर प्रोसेसिंग फी. ही रक्कम काही मोठी नाही, तिच्यामुळे मी नको म्हणत नाहीये. फक्त दुकानात एकदा विचारून बघा, रोखीने घेतला तर किती कमी कराल?

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. वर्षभराने मन उडालं तर किती बुडतील? हौस नवी असताना हे विचारलं की लोकांना राग येतो, पण विचारावं लागतं. ६०,०००चा कॅमेरा वर्षाने विकायला काढलात तर ४०,००० आले तरी नशीब समजा. त्याऐवजी १८,०००चा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) नीट वापरून विकलात तर चौदा-पंधरा हजारांना जातो, कारण त्याची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. शिकण्याची किंमत एकीकडे २०,००० आणि दुसरीकडे ३-४ हजार. शिकायचं मात्र दोन्हीकडे तेच: अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) आणि उजेड बघण्याची सवय.

म्हणून ३,५००ची सहा महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, आजच सुरू करा. उरलेल्या २,५००तले १,५०० एफडीच्या जोडीला टाका, १,००० हाताशी ठेवा. सहा महिन्यांनी २१,००० आणि वर थोडं व्याज हातात येईल. तोवर फोन आहेच. बहुतेक फोनच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात. अॅपर्चर तेवढं बदलत नाही. रविवारी पहाटे वाशिष्ठीच्या काठावर जा, एकच होडी वेगवेगळ्या शटर स्पीडवर टिपा. सहा महिन्यांत चारच रविवार बाहेर पडलात, तर हौस किती खरी तेही कळेल आणि २१,००० शाबूत राहतील.

जुना घेताना साधारण १५ ते १८ हजारांत कॅननचा १३००डी किंवा निकॉनचा डी३३००, १८-५५ लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स) शोधा. कॅमेऱ्याने किती क्लिक केलेत ते बघा; डी३३००चं शटर १ लाख क्लिकांच्या हिशेबाने बनवलेलं असतं. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये हा आकडा सापडतो, कॅननमध्ये तो सहसा असा मिळत नाही. मग लेन्स. कोकणात राहता, तेव्हा हे तुम्हाला जास्त लागू: मागचं-पुढचं झाकण काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. काचेच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. विकणारा ‘पुसलं की जाईल’ म्हणेल. पुसून जात नाही, ती आत असते. स्वतःचा कॅमेरा पावसाळ्यात कपाटात बॅगेत घालून ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांना दोन-तीनशे रुपये पुरतात.

बिल मागा, बॉडीवरचा (म्हणजे लेन्स सोडून कॅमेऱ्यावरचा) सीरियल नंबर त्याच्याशी ताडून बघा. माणसाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली म्हणून विकतोय, आधी थोडे पैसे पाठवा’ हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. मुंबईला जाणं झालं तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे चार पैसे जास्त जातील, पण वस्तू हाताळून घेता येते.

उरलेल्या ३-४ हजारांत चांगलं मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि तो डबा. फोटो सुधारायला दरमहा पैसे भरायचं सॉफ्टवेअर नको. डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत. कोर्सचे ७,०००ही वाचवा. कॅमेऱ्याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं, फारसं कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

प्री-वेडिंगचं उत्पन्न हिशेबातून पूर्ण वगळा. दुसऱ्याच्या लग्नाचे पैसे घ्यायचे तर दुसरी बॉडी, फ्लॅश आणि कमी उजेडात चालणारी लेन्स लागते. मांडवातल्या संध्याकाळच्या हळदीत १८-५५ लेन्स दमते. तिथे फोटो हुकला तर तो पुन्हा काढता येत नाही. मित्राला ऑर्डरींची एवढी खात्री असेल तर पहिल्या वर्षी त्यालाच हप्ते भरायला सांगा!

कॅमेरा हातात आल्यावर तीन महिन्यांनी बाइकचा हप्ता संपेल, ३,१०० मोकळे होतील. तेव्हा कमी उजेडात चालणाऱ्या ५० एमएम १.८ लेन्सचा विचार करा, त्याआधी नाही. निकॉन घेतला असेल तर त्या लेन्सच्या नावात ‘जी’ आहे ना ते पाहून घ्या. जुनी ‘डी’ स्वस्तात मिळते, पण डी३३००च्या बॉडीत फोकसची मोटर नसल्यामुळे तिचा फोकस प्रत्येक वेळी हातानेच फिरवावा लागतो.