औषध तेच, मात्रा तीच, मग गुण का येत नाही?

विट्याजवळच्या एका लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) पोल्ट्रीधारकांनी विचारले आहे: "ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातून पाच दिवस दिले, फरक नाही. मात्रा दुप्पट करू का?"

करू नका. आधी खाद्य आणि पाणी तपासा. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातले अँटिबायोटिक. या गटातली औषधे आतड्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना बांधली जातात. मग ती बरीचशी रक्तात न शोषता विष्ठेतून बाहेर पडतात. ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) खाद्यात कॅल्शियम जेमतेम एक टक्का, लेअरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के. त्यात बोअरचे जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले पाणी. पक्षी पाणी पितात त्या निप्पलवर पांढरे थर बसत असतील तर तुमचे पाणी जडच आहे. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकवरही जड पाण्याचा असाच परिणाम होतो.

औषध सकाळी द्या. चार-पाच तासांत संपेल एवढ्याच पाण्यात, रोज ताजे, प्लास्टिकच्या टाकीत कालवा. गंजलेली लोखंडी टाकी नको. हजार लेअर दिवसाला साधारण 200 ते 250 लिटर पाणी पितात, आजारी पक्षी कमी पितात. म्हणून मात्रा पक्ष्यांच्या वजनावर डॉक्टरांकडून काढून घ्या. शिंपल्याचा चुरा म्हणजे कॅल्शियमच, तो दुपारी चारनंतर टाका. कवच रात्री तयार होते, तेव्हा तो कामी येतो. चुरा पूर्ण बंद केलात तर अंडी पातळ कवचाची येतील. सायट्रिक ॲसिड कॅल्शियमला स्वतः बांधते, त्यामुळे औषध जास्त शोषले जाते. पण प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

एवढे करूनही गुण नसेल तर मेलेला पक्षी तपासणीला पाठवा. रोग विषाणूचा असला तर अँटिबायोटिक त्यावर चालतच नाही.

गुण आला नाही म्हणजे अंड्यात औषध उतरले नाही, असे समजू नका. लेबलवरचा वर्ज्य काळ, म्हणजे औषध थांबवल्यावर अंडी-मांस विकायचे नाही ते दिवस, पाळा. तो छापलेला नसेल तर नियमाने अंडी व दुधाला किमान 7 दिवस, मांसाला 28 दिवस.

फलटणहून दुसरा प्रश्न: वासराच्या हगवणीवर हीच ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर दुधातून द्यावी का? दुधातून नको, दुधातले कॅल्शियम तेच करते. डॉक्टरांनी सांगितली असेल तर दूध पाजल्यावर दोन तासांनी साध्या पाण्यातून द्या, खनिज मिश्रणही त्याच वेळी नको. आधी मात्र मीठ-साखरेचे पाणी. हगवणीत वासरू बहुतेकदा अंगातले पाणी आटल्याने दगावते. मोठ्या गाई-म्हशीला ही पावडर तोंडाने कधीच देऊ नका. पोटातले चारा पचवणारे जंतू मरतात, रवंथ थांबते, जनावर चारा सोडते.