नवऱ्याची सही पुरेशी नाही

प्रश्न : मूल होत नाही म्हणून १४ महिन्यांपूर्वी पुण्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. ओटीपोटातले चिकटलेले भाग सोडवायचे, एवढंच ठरलं होतं. शुद्धीवर आल्यावर कळलं, दोन्ही गर्भनलिका काढल्यात. बाहेर बसलेल्या मिस्टरांची सही घेतली होती. दाद मागता येईल का? – एक भगिनी, सांगली

ताई, नक्की मागता येईल. तुम्ही पाठवलेल्या संमतीपत्रात तुमच्या सहीच्या वर ‘लॅप्रोस्कोपी व चिकटलेले भाग सोडवणे’ एवढंच छापलंय. ‘दोन्ही नळ्या काढणे’ ही ओळ तुमच्या सहीखाली पेनने लिहिलेली, आणि तिच्यापुढे सही यजमानांची. ही मूळ प्रत जपून ठेवा.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात असंच घडलं होतं. रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती संमती अमान्य केली. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येतं, तर तिलाच विचारायला हवं. पुन्हा भूल द्यावी लागू नये, खर्च वाचावा, ही सबब चालत नाही. जीव किंवा प्रकृती धोक्यात असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तेवढाच अपवाद. शिवाय २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांची संमती लागते.

डॉक्टर म्हणतील, नळ्यांत पाणी साठलं होतं, त्या ठेवून आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला) यश कमी येतं. वैद्यकीयदृष्ट्या हे खरंही असेल. म्हणून सगळा भर निष्काळजीपणावर देऊ नका, तज्ज्ञांच्या मतांत अडकाल. नळ्या ठेवायच्या की काढायच्या हे तुम्ही ठरवायचं होतं, यावर बोट ठेवा. भरपाईची खोटी आशा मी दाखवणार नाही : कोहली खटल्यात डॉक्टरांना फी नाकारली गेली आणि रुग्णाला २५ हजार रुपये मिळाले. पण तुम्ही मुलासाठीच तिथे गेला होतात. तुमचं नुकसान त्याहून मोठं आहे, ते तसंच मांडायला हवं.

केस पेपर, ऑपरेशनची नोंद, काढलेल्या नळ्यांच्या तपासणीचा (हिस्टोपॅथॉलॉजी) रिपोर्ट आजच लेखी मागा, पोच घ्या. ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षांची, त्यातले १४ महिने संपलेत. रुग्णालय पुण्याचं असलं तरी तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते.

आणि यजमानांवर राग धरू नका. सही घेताना त्यांना काय सांगितलं, विचार करायला किती वेळ दिला, हे त्यांच्या शपथपत्रात आलं पाहिजे. तुमचे सगळ्यांत महत्त्वाचे साक्षीदार तेच आहेत.