‘बायको कादंबऱ्या वाचायला लागली आणि बदलली’

‘मॅडम, आमच्या घरात दारू नाही, मारहाण नाही, देणं नाही. फक्त ही कादंबऱ्या वाचायला लागली आणि बदलली.’ मी समुपदेशक, त्यामुळे थोड्याफार फरकानं हे वाक्य माझ्याकडे नेहमी येतं. कधी कादंबरीच्या जागी मैत्रिणींचा ग्रुप असतो, कधी योगाचा क्लास. सांगणारा बहुधा नवरा असतो, कधी सासू, अलीकडे तर मुलंही. काळजी मात्र एकच: बाहेरचं काहीतरी घरात शिरलं आणि सुरळीत चाललेला संसार हलला.

या काळजीला उत्तर म्हणून नाशिकमधल्या सातपूरच्या दिलीपराव आणि सुनंदाताईंची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिलीपराव एका कारखान्यात सुपरवायझर. उभं आयुष्य पहिली, दुसरी, तिसरी पाळी असं गेलेलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि सुनंदाताईंची दुपार एकदम रिकामी झाली. सोसायटीतल्या बायकांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतली पेटी आणली होती. २००९ मध्ये आपल्या नाशिकलाच सुरू झालेली ही योजना. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की दुसरी येते. सुनंदाताईंनी आधी कथा वाचल्या, मग कादंबऱ्या, त्याही नवरा-बायकोच्या, न जमलेल्या प्रेमाच्या, साध्या घरांच्या. पेटी पुरेना, तेव्हा सिटीलिंकच्या शहर बसनं शालिमारला उतरून त्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागल्या. १८४० सालचं हे वाचनालय, नाशिककरांचं ‘सावाना’. सातपूरहून तिथं एकटीनं जाणं हेही त्यांना नवीनच होतं.

दिलीपराव पहिल्यांदा एकटेच आले. ‘परवा मला म्हणते, आपण कधी बोललोच नाही हो. चोवीस वर्षांत बोललो नाही? मग संसार काय मुक्यानं केला?’ त्यांचा आवाज चढला होता, पण त्यात रागापेक्षा घाबरणं जास्त होतं. मग खालच्या पट्टीत म्हणाले, तिची एक वही आहे. त्यात प्रेमाबिमाचं लिहिलेलं आहे. ती अंघोळीला गेली असताना त्यांनी फोटो काढले होते. ‘हे ती कुणासाठी लिहिते, तेवढं बघून सांगा,’ असं म्हणून त्यांनी फोन पुढे केला.

मी तो घेतला नाही. जोडीदाराच्या नकळत आणलेला पुरावा समुपदेशकानं एकदा वाचला की तो पंच होतो, आणि पंचाकडे कुणी मन मोकळं करत नाही. त्यांना एवढंच म्हटलं, फोटो काढलेत हे तुम्ही स्वतः त्यांना सांगा, नंतर दोघं या. ते ऐकून ते नाराज होऊन गेले. पण सांगितलं त्यांनी, बऱ्याच दिवसांनी का होईना.

सुनंदाताईंशी मी आधी स्वतंत्र बोलले. त्यांच्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं. वहीत आवडलेल्या वाक्यांच्या नकला होत्या, शेजारी पानाचा नंबर, वाचनालयाचं पुस्तक परत करावं लागतं म्हणून. त्या म्हणाल्या, ‘पुस्तकातली माणसं मनातलं किती नेमकं बोलतात. आमच्याकडे गॅस संपला, लाइट बिल आलं, यापलीकडे शब्द नाही. आवडलेलं पान यांना वाचून दाखवलं तर हे मोबाइलवरून नजर न काढता हं म्हणतात.’ बारावीनंतर लगेच लग्न झालेलं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं मनात होतं. विद्यापीठ तर नाशिकचंच. नवऱ्याला विचारलंत का? ‘नाही म्हणतील म्हणून विचारलंच नाही.’

इथे मी दोघांनाही थांबवते, कारण माझ्या मते गाठ इथेच असते. दिलीपरावांचं ‘हं’ आणि सुनंदाताईंचं न विचारणं, ही एकाच घरातली एकच सवय आहे. जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकानं नवविवाहित जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. एकानं ‘हे बघ ना’ म्हणून साद घातली तर दुसरा वळून बघतो का, एवढी साधी गोष्ट त्यांनी मोजली. सहा वर्षांनंतर एकत्र टिकलेली जोडपी सुरुवातीला अशा सादेला सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद देत होती, विभक्त झालेली ३३ टक्के. पान वाचून दाखवणं ही साद होती. दिलीपरावांना वाटलं, ती पुस्तकात हरवली आहे. खरं तर त्या वेळी ती पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आली होती.

सुनंदाताईंनाही मी एक गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना लगेच पटली नाही. कादंबरीतला पुरुष आपल्याला आतून दिसतो. तो गप्प बसला तरी त्याच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगतो. घरातला पुरुष गप्प बसला की फक्त गप्प दिसतो. त्या दोघांची तुलना केली तर घरातला नेहमीच हरणार. तुमच्या नवऱ्याच्या आत काय चालतं ते लिहून देणारं कुणी नाही, ते विचारूनच कळेल. ‘मीच का विचारू?’ असं त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. म्हणून ते काम मी दोघांना वाटून दिलं.

दोघं मिळून आले तेव्हा सुनंदाताईंनी वही स्वतःहून आणली होती. मागच्या काही पानांवर नकला नव्हत्या, त्यांचं स्वतःचं लिहिलेलं होतं. त्यातलं एक त्यांनी वाचलं. ‘दुसऱ्या पाळीवरून येतात तेव्हा बूट जिन्यातच काढतात आणि हातात घेऊन घरात येतात. मी झोपले आहे असं समजून. मला कुलपाचा आवाज येतो. मी डोळे मिटून पडून राहते. उठले तर यांना वाटेल, आपण झोप मोडली.’

‘तू जागी असायचीस?’ दिलीपराव म्हणाले. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते चिडले. खरोखर चिडले. ‘मग तेव्हा बोलायला काय झालं होतं? मी रात्री साडेबाराला गार पोळी अंधारात खात होतो!’ त्याही रडत रडत तेवढ्याच जोरात बोलल्या. मी मध्ये पडले नाही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच भांडत होते आणि ते आवश्यक होतं. काळजी घेणाऱ्या माणसांचं घरही अबोल असू शकतं, तिथं दोघं एकमेकांना त्रास नको म्हणून एकमेकांपासून दूर जातात. अशा घरात दोषी शोधायला गेलं तर कुणीच सापडत नाही.

फोटोंचा विषय मात्र तिथं संपला नाही. दिलीपरावांनी ते पुसले, चुकलो म्हणाले, तरी वही बरेच दिवस मैत्रिणीच्या कपाटात होती. विश्वास परत यायला वेळ लागतो, आणि घाई करा असं मी कुणालाच सांगत नाही.

घरी करायला दिलं ते सोपं होतं. रोज चहाच्या वेळी वीस मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलगा, पैसे आणि नातेवाईक हे तीन विषय बंद. सुनंदाताईंनी पुस्तकातलं काही सांगायचं, दिलीपरावांनी कामावरचं. सुरुवातीला दिलीपरावांना बोलायला काही सापडेना. मग एका संध्याकाळी त्यांनी प्रेस मशिनवर बोटं गेलेल्या एका पोराबद्दल सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात यांनीच नेलं होतं, तुटलेली बोटं रुमालात घेऊन. त्या रात्री घरी येऊन जेवले आणि झोपले. सुनंदाताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘त्या दिवशी मी यांच्यावर भाजी विसरले म्हणून चिडले असेन,’ त्या मला म्हणाल्या.

वाचून माणूस खरंच बदलतो का, असं दिलीपरावांनी मला विचारलं होतं. साहित्यिक कथा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असं सांगणारा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि खूप गाजला. पुढे २०१८ मध्ये काही गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्यात हा परिणाम मिळाला नाही. त्यामुळे कादंबरी वाचली की माणूस समजूतदार होतो, असं आश्वासन मी देत नाही. बिघडतो असंही नाही. ती भीती तर फार जुनी. बायका लिहायला-वाचायला शिकल्या की घर मोडेल असं आपल्याकडे उघड म्हटलं जायचं, आणि त्याच काळात, १८५७ साली, बाबा पदमनजींनी लिहिलेली मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी विधवांच्या हालांवर होती. माझ्या खोलीत मी पाहते ते एवढंच: जे आधीपासून टोचत होतं, ते वाचणाऱ्या माणसाला सांगता येऊ लागतं. ऐकणाऱ्याला ते नवं वाटतं, म्हणून तो पुस्तकाला दोष देतो.

पण ‘काही बदलणार नाही, निश्चिंत राहा’ असंही मी नवऱ्यांना सांगत नाही, कारण ते खोटं आहे. बदलतं. दिलीपरावांनी मनाशी ठरवलं होतं की निवृत्त झालो की दोघांना वेळच वेळ मिळेल. तो वेळ जवळ आला आणि बायको बसमध्ये बसून शालिमारला निघाली. हे दुःख खरं आहे. त्याला संशयाचं नाव दिलं की ते बोलता येत नाही. ‘मला एकटं वाटतं’ असं म्हणायला त्यांना कित्येक भेटी लागल्या.

तुमच्या घरी असं होत असेल तर आधी काय वाचतेस ते विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. वही, फोन चोरून पाहू नका. घरात मारहाण असेल, बाहेर जायला बंदी असेल, तर हा चहाचा उपाय त्यासाठी नाही. तिथं आधी सुरक्षितता पाहावी लागते, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

सुनंदाताई आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत. दिलीपराव कादंबऱ्या वाचत नाहीत, त्यांनी वाचाव्यात असा माझा आग्रहही नाही. निवृत्तीनंतर त्यांना निफाडकडच्या गावी जाऊन द्राक्षबाग बघायची आहे, सुनंदाताईंना नाशिक सोडायचं नाही. यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. त्यासाठी ते पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.